शेततळ्याचा कागद आणि खेकड्याचा डोळा

पाण्यावरच्या एका परिसंवादात आमच्या एका विद्वान मित्राने मराठवाड्यातल्या शेततळ्यांना ‘नव्या पाणथळ जागा’ अशी पदवी बहाल केली. मी प्रकाश-प्रदूषणाचा मुद्दा काढला, तर म्हणाले, ‘ते किनाऱ्यावरच्या कासवा-खेकड्यांचं दुखणं. जालन्याला समुद्र कुठाय?’ टाळ्या पडल्या. टाळ्यांचा प्रतिवाद सभागृहात होत नाही, म्हणून हा लेख.

मित्राच्या डोळ्यांपुढे रात्रीचे दिवे होते. मी बोलत होतो ते प्रदूषण भर उन्हातलं आहे. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात आडवं कंपन वरचढ ठरतं; पाण्याच्या बाबतीत लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात सर्वाधिक. हा ध्रुवीकृत प्रकाश आपल्याला जवळजवळ जाणवत नाही. चतुर, पाणभुंगे, मेफ्लाय या कीटकांसाठी मात्र ती पाण्याची खूण. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं की मेफ्लाय कोरड्या डांबरी रस्त्यावर अंडी घालतात. डांबर त्यांना पाण्याहूनही जास्त पाणी वाटतं. काळा पृष्ठभाग बाकीचा प्रकाश गिळतो, म्हणून उरते ती चकाकी निर्भेळ असते.

आता जालना जिल्ह्यातल्या कडवंचीला या. पाणलोटाची कामं, मग शेततळी, मग द्राक्षं, हा तिथला नावाजलेला क्रम. तळ्यात अंथरलेला ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उघडा पडतो आणि डांबरासारखाच चकाकतो. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’नंतर तळी वाढली, त्यांच्या गुणगानात या उघड्या कागदाचा उल्लेख नसतो. गंमत म्हणजे इथली धूळच त्यावर थोडा उतारा आहे: धुळकट, खरखरीत पृष्ठभागाची चकाकी मोडते. जालन्याची धूळ कुणाच्या तरी उपयोगी पडते, हे पहिल्यांदाच.

पण खेकड्याचा आक्षेप मला सोडवत नाही, कारण त्यात दम आहे. कीटक उडत येतो आणि फसतो. खेकड्याला पंख नाहीत. कोकणच्या चिखलात एक मोठी नांगी हलवणारा खेकडा ध्रुवीकरणातला फरक ओळखतो. मँटिस झिंग्याला तर वर्तुळाकार ध्रुवीकरणही दिसतं, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. म्हणून काय झालं? दिसणं म्हणजे फसणं नव्हे. मेफ्लायची शोकांतिका जशीच्या तशी कवचधाऱ्यांच्या माथी मारणारे पर्यावरणवादी मला मित्राइतकेच आळशी वाटतात.

या झगड्यात मला खरा साक्षीदार मिळतो तो पाणपिसू. हाही कवचधारीच, आणि गोड्या पाण्यातला. १९९९ साली संशोधक श्विंड यांनी दाखवलं की तो सर्वाधिक ध्रुवीकृत प्रकाशाकडे पोहतो, आणि त्यामुळेच काठापासून दूर जातो. म्हणजे याच्यासाठी ही खूण सापळा नाही, सुटकेची वाट आहे. त्याची टिकाऊ अंडी पक्ष्यांबरोबर नव्या तळ्यातही पोचतात. तेव्हा मित्राचं अर्धं म्हणणं मला मान्य करावं लागतं: कागद घातलेलं तळंही जिवंत होऊ शकतं.

उरलेलं अर्धं मात्र त्याच्या अंगावर येतं. चतुराची मादी चकाकीवर भाळून अंडी कोरड्या कागदावर टाकत असेल, तर ती वाळून जाणार. एडिस डासाची मादी पाणी निवडताना वासावर बरीच विसंबते, ती इतक्या सहजी फसत नाही. डासाच्या अळ्या खाणारी पिल्लं तळ्यात उतरायच्या आत बाद, आणि अळ्या सुखरूप! अशी पाणथळ जागा कोणाच्या सोयीची?

शेततळ्याचं अनुदान लांबी, रुंदी आणि खोली पाहून मिळतं. जालन्याच्या खरपुडी कृषी विज्ञान केंद्राने या मोजमापात एका स्वस्त प्रयोगाची भर घालावी: बांधावर चकचकीत काळा, मळकट काळा आणि पांढरा, असे कागदाचे तीन तुकडे अंथरून त्यांवर किती किडे उतरतात ते मोजावं. सौर पटलांवर पांढऱ्या रेघा मारल्या की किड्यांची ओढ कमी होते, हे होर्वाथ यांच्या गटाने २०१० मध्येच दाखवलंय. आकडे माझ्या विरोधात गेले, तर पुढच्या परिसंवादात टाळ्या मी वाजवीन. तोवर ‘पाणथळ’ ही पदवी राखून ठेवलेली बरी.