किती कपांचं?

गेली बावीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागं बसून लोकांना एकच प्रश्न विचारत आलो आहे : "खातं एकट्याच्या नावावर की जॉइंट?" या प्रश्नाला माणूस हमखास घुटमळतो, आणि त्याच्यामागं रांग असल्यामुळं मी कपाळाला हमखास आठ्या घालतो. हा प्रश्न बँकेचा नसून नीतिशास्त्राचा आहे, हे कळायला मला कॉफीचं एक भांडं घ्यावं लागलं.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव पुण्याला शिकायला आहेत. त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा त्यांनी कमरेत बारीक असं एक अष्टकोनी भांडं गॅसवर चढवलं. खालच्या मजल्यावर पाणी, मधल्या गाळणीत कॉफीची पूड, वरचा मजला रिकामा. खालचं पाणी तापलं की वाफेच्या दाबानं ते पुडीतून वर चढतं आणि वरच्या मजल्यावर कॉफी होऊन अवतरतं. खालच्यांवर दाब आणला की वरच्यांचं काम झालेलं दिसतं, हे तत्त्व मला हेड ऑफिसमुळं माहीत होतं. त्यातून इतकी चांगली कॉफी निघते हे माहीत नव्हतं.

नातेपुत्याला परतल्यावर मी शाखेत जाहीर केलं, "मोका पॉट घ्यायचा म्हणतोय." कॅशियरनं नोटा मोजायच्या थांबवल्या. "मोक्का? कुणाला लागला?" त्याचाही दोष नाही. १९९९ सालचा तो गुन्हेगारीविरोधी कायदा आमच्याकडं कॉफीपेक्षा जास्त परिचयाचा आहे. मी त्याला सांगितलं, की हे नाव येमेनमधल्या मोखा बंदरावरून आलंय; तिथून पूर्वी जगभर कॉफी जायची. "मग आपण चहाच घेऊ," असं म्हणून त्यानं पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरुवात केली.

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळं मी माहिती काढल्याशिवाय खर्च करत नाही. १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी हे अॅल्युमिनियमचं भांडं काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे चिरंजीव रेनातो यांनी ते घरोघर पोचवलं, आणि २०१६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या अस्थीसुद्धा एका मोठ्या मोका पॉटमध्येच ठेवल्या. एवढ्या मोठ्या भांड्यात शेवटी एकच माणूस. मी मात्र जिवंतपणीच मापावर अडलो. एक कप, तीन कप, सहा, नऊ, बारा! किती कपांचं घ्यायचं?

इथं चहा आणि कॉफी यांच्या स्वभावातला फरक समजून घ्यायला हवा. चहाचं पातेलं म्हणजे एकत्र कुटुंब. दोघांचं आधण ठेवलंय आणि दारात साडू उभे राहिले, तर अर्धा कप पाणी वाढवायचं, चिमूटभर पत्ती टाकायची आणि "या, या" म्हणायचं. मोका पॉटला ही तडजोड चालत नाही. गाळणी पुडीनं पुरती भरायची, पाणी वाफेच्या झडपेच्या खालपर्यंत घ्यायचं. सहा कपांच्या भांड्यात दोघांपुरती करू गेलं तर कॉफी धड होत नाही. म्हणजे भांडं घेतानाच माणसानं ठरवायचं, की आपल्या आयुष्यात आता किती माणसं येणार!

मी हिशेब मांडला. एक कपाचं भांडं स्वस्त, पण ते घरात ठेवणं म्हणजे आपण आपमतलबी आहोत अशी पाटी लावणं. सहा कपांचं घ्यावं तर वर्षातले तीनशे दिवस ते फळीवर बसून राहणार. गुंतलेल्या भांडवलाचं काय? पण मेव्हणे आले तर? शेजारचे गुरुजी आले तर? आषाढात माउलींची पालखी गावात मुक्कामाला असते, तेव्हा ओट्यावर टेकलेल्या वारकऱ्यांना काय सांगायचं, की माउली, भांडं लहान आहे? पंधरा दिवस मी कागदावर नावं लिहीत होतो. आपण किती माणसांचा विचार करतो, याचं मला मनातून कौतुकही वाटत होतं.

सोळाव्या दिवशी हिनं कागद वाचला. "अहो, यात माझं नाव कुठंय?"

"तुला कुठं कॉफी लागते?"

"एकादशीला काय पिते मी?"

एकादशीला ही जायफळ घालून दुधातली कॉफी करते. एकवीस वर्षं मी ती उपासाच्या खात्यावर टाकत आलो होतो.

"उपासाला चहासुद्धा चालतो," ही म्हणाली. "आषाढी-कार्तिकी सोडा, महिन्याच्या दोन्ही एकादश्या मी कशासाठी धरते असं वाटलं तुम्हाला?"

"मग रोज का नाही केलीस?"

"तुम्हाला चहा लागतो. सकाळी दोन-दोन पातेली कोण मांडणार?"

पुढं मला बोलता येईना. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय धरतात. तरी खातेदाराला पत्र पाठवून विचारायची रीत आहे. मी एकवीस वर्षांत चिठ्ठीसुद्धा पाठवली नव्हती. न आलेल्या पाहुण्यांवर उदार होणं फार सोपं असतं. त्यांना दूध लागत नाही, साखर लागत नाही, ते कप विसळायलाही ठेवत नाहीत. आणि त्यांच्या गर्दीत, चुलीपाशी उभं असलेलं माणूस मोजायचं राहून जातं.

तीन कपांचं भांडं आणलं. ते आमच्या शेगडीच्या बर्नरवर नीट उभं राहीना, म्हणून खाली पापड भाजायची जाळी घातली. इटलीचे तीन कप म्हणजे जेमतेम दीडशे मिलिलिटर. त्यात दूध घातलं की नातेपुत्याचे बरोबर दोन होतात. ही वरून जायफळ किसते. फोनवर ते ऐकून चिरंजीव कळवळले. इटलीत असं करत नाहीत म्हणे. इटलीत एकादशी नसते, असं हिनं त्यांना कळवलं. ती आता इथंही दोनऐवजी तीस असतात. कॉफी मी करतो. साडू आलेच, तर चहाचं पातेलं आहेच.

परवा काउंटरवर एक जण असाच घुटमळला. मी आठ्या न घालता म्हटलं, "घाई नाही. घरी विचारून या."

"घरी काय विचारायचं, साहेब? माहितीये की मला," तो म्हणाला.

मी फॉर्म परत त्याच्या हातात दिला. मागची रांग कुरकुरली. तिला कुरकुरू दिलं.