हलणार कोण, ते पण सांगा की

आमच्या मंद्रूपात फुटबॉल खेळणारी पोरं मी फार पाहिली नाहीत. फुटबॉलवरून भांडणारी मात्र भरपूर. सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचं हे गाव. मोकळ्या जागेत टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं, कबड्डीचे डाव रंगतात, आणि रात्री साडेबाराला निम्म्या पोरांच्या तोंडावर मोबाईलचा उजेड असतो. आमच्या ग्रुपवर बरेच महिने एकच वाद पेटलेला होता : रिअल माद्रिदनं एम्बापेला खेळवायचं कुठं? डाव्या विंगला, की मधे, नऊ नंबरवर?

वाद फालतू नाही. एम्बापे २०२४च्या उन्हाळ्यात माद्रिदला आला तेव्हा त्याची आवडती डावी बाजू विनिसियसनं आधीच धरलेली होती. पॅरिसला असताना २०२२मध्ये त्याला मधे, गोलकडे पाठ करून उभं केलं, तर पठ्ठ्यानं इन्स्टाग्रामवर हॅशटॅग टाकून नाराजी दाखवली होती. माद्रिदला तो शेवटी मधेच गेला. पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३१ गोल, स्पेनमध्ये सगळ्यात जास्त. तरी लीग बार्सिलोनानं नेली. आणि चॅम्पियन्स लीग कुणी जिंकली? त्यानं सोडलेल्या पॅरिसनं. ३१ मे २०२५, म्युनिक, इंटरवर ५-०. एवढं घडल्यावर ग्रुप शांत कसा बसेल? हीटमॅप आले, आकडे आले, 'तुला काय कळतंय बे' आलं.

माझा धाकटा भाऊ या ग्रुपवर आहे, पण लिहीत नाही. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते, त्या आठवड्यात तो उसाला पाणी द्यायला जातो आणि मोटरच्या खोलीबाहेर बसून मॅच बघतो. अशाच एका रात्री त्याचा मेसेज आला : "एम्बापे कुठं खेळणार ते सगळे ठरवताय. हलणार कोण, ते पण सांगा की."

कुणी उत्तर दिलं नाही. एकानं हसणारा इमोजी टाकला आणि गाडी पुढे गेली. मी मात्र तिथंच अडकलो.

कारण या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर आपण सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलेलं आहे, फक्त अर्धं. २ मे २००९, बर्नाबेऊ. आदल्या रात्री ग्वार्डिओलानं मेस्सीला बोलावून घेतलं आणि दाखवलं की माद्रिदचे मधले खेळाडू आणि सेंटर बॅक यांच्यामध्ये केवढी मोकळी जागा पडते. उजव्या विंगचा मेस्सी मधे आला, पण स्ट्रायकरसारखा बॉक्सजवळ थांबला नाही, मागे सरकत राहिला. कानावारो आणि मेत्झेल्डरला कळेना, याच्यामागे जायचं की जागा धरायची. बार्सिलोना ६-२. 'फॉल्स नाइन' हा शब्द आपल्यासारख्यांच्या तोंडी बसला तो या रात्रीपासून.

आता उरलेलं अर्धं. मेस्सी मधे आला म्हणजे मधला कुठंतरी गेला. मधे सॅम्युअल एटो होता. तो उजवीकडे गेला. आणि हा काही फॉर्म हरवलेला, ओझं झालेला स्ट्रायकर नव्हता. त्या हंगामात लीगमध्ये एटोचे गोल ३०, मेस्सीचे २३. तो हलला. २७ मेला रोममध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या फायनलमध्ये दहाव्या मिनिटाला त्यानंच, त्याच उजव्या बाजूनं आत शिरून पहिला गोल केला. दुसरा गोल मेस्सीचा, हेडरनं. बार्सिलोनानं तीनही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. आणि त्याच उन्हाळ्यात एटोला इंटरला देऊन, वर पैसे मोजून, इब्राहिमोविच आणला. तो एका हंगामात वैतागून मिलानला गेला, आणि मेस्सीसाठी आपल्याला कसं बाजूला सारलं याची तक्रार त्यानं आत्मचरित्रात केली. पुढे डेव्हिड व्हिया आला, खरा स्ट्रायकर, तो डावीकडे खेळला. एका माणसाला त्याची उत्तम जागा मिळावी म्हणून किती जण सरकले, मोजून बघा.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं : अरे, पण संघ जिंकला ना? मेडल एटोलाही मिळालं. पण मेडल सगळ्यांचं असतं, जागा एकट्याची असते. बेरीज वाढली म्हणून प्रत्येकाचा हिशेब आपोआप चुकता होत नाही. दुसरं उत्तर, तो व्यावसायिक आहे, कोट्यवधी घेतो, सांगतील तिथं खेळावं. हे मला मान्य आहे. एटोसाठी मी रडत नाही. पण करार नसलेल्या ठिकाणीही आपण हेच उत्तर सर्रास वापरतो, तिथं मला त्रास होतो.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार : मेस्सी मेस्सी होता. ज्याच्यात जास्त आहे त्याला जास्त जागा, यात अन्याय कसला? मलाही बरीच वर्षं हे बिनतोड वाटायचं. मग डेम्बेले पाहिला. उजव्या विंगवरचा, सारखा जखमी होणारा, चार चांगल्या संधी घालवून पाचवीला हसवणारा डेम्बेले. एम्बापे गेल्यावर लुईस एन्रिकेनं त्याला मधे आणला आणि २०२५चा बॅलन डी'ओर त्याच्या हातात. त्याच्यात हे 'आधीपासून' होतं का? असेलही. पण दिसलं ते जागा मिळाल्यावर. म्हणजे आपण म्हणतो स्टार आहे म्हणून जागा दिली, आणि कितीतरी वेळा जागा दिली म्हणून तो स्टार ठरलेला असतो. प्रयोग एकावरच होतो. दुसऱ्याला मधे ठेवून काय झालं असतं, ते कधी दिसतच नाही, आणि न दिसलेलं आपण 'नव्हतंच' असं लिहून टाकतो.

आपल्याकडे तर हे अख्ख्या देशाच्या पातळीवर झालं. आयएसएलमधल्या क्लबांनी नऊ नंबर बहुतेक वेळा परदेशी खेळाडूला दिला. निकाल हवा असेल तर तेही चूक म्हणता येत नाही. खुद्द सुनील छेत्री बंगळुरूत मिकू मधे असताना डावीकडे खेळायचा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताचा फॉरवर्ड होता, पुढे क्लबांकडून त्याचा खेळ बराचसा विंगवरच झाला. मग जून २०२४मध्ये छेत्री ९४ गोल करून निवृत्त झाला आणि सगळे विचारू लागले, आता मधे कोण? मार्च २०२५मध्ये त्यालाच परत बोलावलं, वय वर्षं ४०. जी जागा आपण कुणाला देऊनच बघितली नाही, तिथं खेळणारा आयत्या वेळी कुठून येणार?

आता घरातलं. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. दहावीला मला ८८ टक्के, त्याला ८४. मला अकरावीला सोलापुरात ठेवलं, नंतर पुण्यात इंजिनिअरिंग. त्याची बारावी होईपर्यंत वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि दोघांचा खर्च पेलणारा नव्हता. एका रात्री जेवताना वडील म्हणाले, "थोरला शिकतोय. धाकट्यानं घर बघावं." एवढंच. आई भाकरी थापत होती. भाऊ काही बोलला नाही. मीही नाही. मी सुट्टीला आलो होतो, ताटातली आमटी संपवली आणि मोबाईल घेऊन ओट्यावर गेलो.

चार टक्क्यांचा फरक. त्यातले किती माझे आणि किती मला मिळालेल्या जास्तीच्या शिकवणीचे, कोण सांगणार?

यात वडिलांना दोषी धरणं सोपं आहे, आणि साफ चूक. त्यांच्याकडे पाच सबस्टिट्यूट नव्हते. हिशेब मांडला तर निर्णय बरोबरही निघतो : माझ्या पगारातून सोसायटीचं कर्ज फिटलं, नदीपासून पाईपलाईन आली, बहिणीचं लग्न झालं. ग्वार्डिओला बरोबर होता, वडीलही कदाचित बरोबर होते. पण निर्णय बरोबर ठरला की देणं फिटलं, असं आपण धरून चालतो, ते मला आता पटत नाही. बरोबर असणं आणि देणं लागणं या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिलीतली शिल्लक दाखवून दुसरी बंद करता येत नाही.

मग देणं म्हणजे काय? माझा पहिला प्रयत्न हास्यास्पद होता. मी त्याची कीव करू लागलो. घरी आलो की त्याला शूज, हेडफोन, आवाजात एक खास मऊपणा. त्यानं एकदा सरळ सांगितलं, "दादा, मी आजारी नाही." खरंच नाही. माझ्या वडिलांना कधी मिळाला नाही एवढा उसाचा उतारा तो काढतो, खताच्या दुकानदाराला तोंडावर खोटं पाडतो.

एटोचंही तेच झालं की. २८ एप्रिल २०१०, इंटर बार्सिलोनाच्याच मैदानावर सेमीफायनल खेळत होतं. थियागो मोटाला लाल कार्ड मिळालं, अठ्ठाविसाव्या मिनिटाला दहा जण उरले, आणि मेस्सीसाठी हललेला हा स्ट्रायकर जवळजवळ लेफ्ट बॅक होऊन उभा राहिला. इंटर ०-१ हरलं, पण पहिल्या सामन्यातल्या ३-१मुळे फायनलला गेलं आणि जिंकलं. सलग दोन वर्षं, दोन वेगळ्या क्लबांकडून तिहेरी यश. पुढच्या हंगामात त्यानं सगळ्या स्पर्धा मिळून ३७ गोल ठोकले. हललेला माणूस म्हणजे वाया गेलेला माणूस, हा समजही मधे उभ्या असलेल्याचाच असतो. तसं मानलं की आपली जागा आणखी मौल्यवान वाटते ना!

कबड्डीतला एक नियम मला यासाठी फार आवडतो. गडी ज्या क्रमानं बाद होऊन बाहेर गेले, त्याच क्रमानं आत येतात. तुमचा हुकमी चढाईपटू बाहेर बसलाय, त्याच्यावाचून डाव हातातून निसटतोय, तरी कोपऱ्याचा गडी आधी बाद झाला असेल तर आधी तोच आत येणार. कॅप्टनचं इथं काही चालत नाही. फुटबॉलला, आणि आमच्या घराला, असा नियम नाही. तिथं पाळी येत नाही, कुणीतरी काढून द्यावी लागते.

मला वाटतं, भावानं ग्रुपवर कीव मागितली नव्हती, माद्रिदचा संघही बदलायला सांगितला नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की ठरवताना हलणाऱ्याचं नाव घ्या. 'एम्बापे मधे' असं अर्धं वाक्य लिहू नका. मी त्या रात्री ओट्यावर न जाता "त्याला काय वाटतं?" एवढं म्हणालो असतो, तर कदाचित काहीच बदललं नसतं. पैसे तेवढेच होते. पण वाक्य पूर्ण झालं असतं.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा रात्रीची लाईट होती. त्याच्याबरोबर शेतात गेलो. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, माद्रिदचीच मॅच. हाफटाइमला मी धीर करून विचारलं, "तुला तेव्हा विचारलं असतं, तर काय म्हणाला असतास?"

तो बराच वेळ पाटाकडे बघत होता.

"तेव्हा विचारलं असतंस, तर तेव्हा सांगितलं असतं," तो म्हणाला.

मग बॅटरी उचलली, खोरं खांद्यावर टाकलं. सरी भरली होती, दारं मोडायला जायचं होतं. बांधावर पोचल्यावर अंधारातूनच ओरडला, "दादा, आता चेंज करतील बघ. कोण बाहेर जातंय ते सांग."