बक्षीस आणि हक्क

सुटी जवळ आली की आम्हा शिक्षकांच्या घरी सहलीचा हिशेब मांडला जातो. गाडीभाडे, खोली, जेवण, मुलांचा खाऊ. हमाल, वेटर, खोली झाडणारी बाई यांच्यासाठी मात्र त्यात रकाना नसतो. त्यांचे 'तेव्हाचे तेव्हा बघू'.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही काही सहकारी कुटुंबांसह माथेरानला गेलो. दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी. हमालीचे दर फलकावर लिहिलेले होते, तरी आम्ही घासाघीस करून शंभर रुपये कमी करवून घेतले. पन्नाशीचा एक हमाल दोन बॅगा डोक्यावर घेऊन लाल मातीच्या वाटेने पुढे निघाला. मागून चालताना आम्ही मुलांना अभिमानाने सांगत होतो की, इथली छोटी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिली आणि 1907 मध्ये सुरू झाली. मुक्कामी पोचल्यावर आमचे मन द्रवले. ठरलेल्या मजुरीवर पन्नासची नोट ठेवली आणि त्याच्या सलामाची वाट पाहू लागलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बक्षीस कसलं? माझ्याच शंभरातले पन्नास परत आले."

आम्ही वर्गात शब्दांचे अर्थ शिकवतो. उजरत म्हणजे कामाचे मोल, बख्शिश म्हणजे खुशीने दिलेले, दस्तुरी म्हणजे रिवाजाने द्यायचे. त्या दिवशी आम्ही पहिल्यातले कापून दुसऱ्याच्या नावाने दिले होते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण अर्धी मजुरी लवकर दिल्याने ती पुरी होत नाही. अशा बक्षिसात देणाऱ्याचे काही जात नाही, घेणाऱ्याची मान मात्र खाली जाते.

हे आम्हाला तरी कळायला हवे होते. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे आम्ही मानधनावर काढली आहेत. शेजारच्या वर्गावरील शिक्षकाइतकेच काम, पण त्याला वेतन आणि आम्हाला मानधन. शब्दात 'मान' होता, पण वाणसामानाच्या दुकानात तो चालत नव्हता.

कोणी म्हणेल, हॉटेलातल्या पोराचा पगार मालक ठरवतो, त्याची भरपाई आम्ही का करावी? प्रश्न खरा आहे. आमच्या बक्षिसाच्या भरवशावर मालक पगार कमी ठेवतो, हेही खरे. पण आम्ही हात आखडला म्हणून मालक पगार वाढवत नाही, त्या दिवशी उपाशी राहतो तो पोरगाच. बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरले. ते शुल्क बिलातून काढून घेताना आपण मोठ्या आवाजात बोलतो. त्यातला एक रुपया तरी वाढणाऱ्याच्या हाती ठेवतो का?

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात, असेही सांगितले. प्रवाशांनी बक्षीस वाढवावे, असे न्यायालय म्हणाले नाही. माणसाची इज्जत बक्षिसाने भरून निघत नाही, हाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून आम्ही स्वतःपुरते काही ठरवले आहे. दर लिहिलेला असेल तर घासाघीस नाही. आधी मजुरी पुरी, मग जमेल तेवढे बक्षीस, तेही चारचौघांत नोट फडकावून नव्हे. खोली झाडणारी बाई समोर येत नाही, म्हणून निघताना तिला शोधून द्यायचे. दिल्यावर सलामाची वाट पाहायची नाही. उलट जाताना आपणच सलाम करायचा.

त्या हमालाचे उरलेले पन्नास रुपये मात्र आमच्याकडेच राहिले. परत जाताना नाक्यावर आम्ही त्याला शोधले. तो दुसऱ्या कुणाच्या बॅगा घेऊन वर गेला होता.