पुरी वाक्ये, अपुरे पुस्तक

फ्रान्झ काफ्काची 'डेर प्रोसेस' (खटला) ही कादंबरी मराठीत आणणाऱ्यापुढे एक पेच पडतो: लेखकाने जे जुळवले नाही, ते आपण जुळवून द्यायचे का? हा पेच वरूडच्या कोर्टात मुरलेल्या एखाद्या वकिलापुढे ठेवून पाहावा. तो म्हणेल, "भाऊ, वाचनाऱ्यानं पैसे द्याचे पुऱ्या पुस्तकाचे, आन् तुमी त्याच्या हाती सुटे कागद देनार?" वकीलसाहेब, कागद मुळातच सुटे आहेत. काफ्काने ऑगस्ट १९१४ ते जानेवारी १९१५ या काळात हे लिहिले. नायक योसेफ के.ची अटक आणि त्याचा शेवट ही दोन्ही टोके त्याने आरंभीच लिहून ठेवली. मधली प्रकरणे वह्यांतून फाडलेल्या पानांच्या वेगवेगळ्या चळतींत राहिली. १९२४ मध्ये तो गेला. हे सारे जाळून टाकावे ही त्याची इच्छा त्याचा मित्र मॅक्स ब्रॉडने मानली नाही आणि १९२५ मध्ये क्रम स्वतःच्या समजुतीने लावून पुस्तक काढले. म्हणजे अपुरेपण शेवटाचे नाही, मधल्या वाटेचे आहे. अटक ठरलेली, अखेर ठरलेली. मधल्या पेशींचा क्रम तेवढा ठरलेला नाही. तो आपण गुळगुळीत केला तर नेमके खटल्याचे खटलेपणच पुसले जाते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. शेजारच्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या. मूळ पोथी धामधुमीत गेली, मग अनुयायांनी आठवणीतून लीळाचरित्र पुन्हा उभे केले. कुणाला एक आठवले, कुणाला दुसरे. लेखनिकांनी ते सरसकट एकसारखे केले नाही. पाठभेदाला 'वासना' म्हणत त्याची नोंद पोथीतच ठेवली. "ते धर्माचं काम. आन् लीळाचरित्र तर पुरं झालं होतं," असे वकील अडवतील. अगदी रास्त. पण म्हणूनच इथली जबाबदारी मोठी आहे. तिथे मुळात काहीतरी होते, त्याचा शोध घेता येई. इथे शोधण्याजोगा क्रमच नाही, जो लावू तो आपला. तो आपला आहे हे पानावर दिसलेच पाहिजे. १९९७ च्या जर्मन आवृत्तीने १६ सुट्या पुस्तिका छापून तेच केले.

दुसरा आग्रह अधिक मोहाचा आहे: "मंग कोर्ट तरी आपल्या तहसिलीसारखं करा. तलाठी, फेरफार टाका, लोकाइले समजन." पेशी, वकीलपत्र, मुदत हे शब्द जरूर घ्यावेत, तहसील मात्र आणू नये. आपल्या खोळंब्यात निदान प्रकरणाला क्रमांक असतो, समन्सवर कलम असते. के.ला आरोप शेवटपर्यंत कळत नाही. त्याचे न्यायालय गरिबांच्या चाळींच्या माळ्यांवर भरते, आणि देशात रीतसर कायदे शाबूत असताना भरते. तहसील आणली की वाचक कारकुनावर चिडून मोकळा होईल, कादंबरीचा तक्रारअर्ज होईल. शिवाय वऱ्हाडातल्या पक्षकाराला एवढे सोपे करून देण्याची गरज नाही. चित्रकार तितोरेली के.ला तीन वाटा सांगतो: खरी मुक्तता, जी झालेली त्याने स्वतः कधी पाहिली नाही; वरवरची मुक्तता, जिच्यानंतर पुन्हा अटक होऊ शकते; आणि खटला खालच्याच पायरीवर रेंगाळत ठेवणे. तारखांवर तारखा घेतलेल्या माणसाला तिसरी वाट टीप देऊन समजवावी लागत नाही. खाली मराठीत चाललेले आपले प्रकरण नागपूर खंडपीठात गेल्यावर इंग्रजी होते, हेही त्याने सोसलेले असते.

भाषेचा कस इथेच लागतो. काफ्का १९०६ मध्ये कायद्याचा डॉक्टर झाला, १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत त्याने नोकरी केली. त्याचे वाक्य दप्तरी, स्वच्छ, पुरे असते; भीती त्या स्वच्छपणातून येते. वाक्ये धूसर आणि पुस्तक नीटनेटके करणारा अनुवाद दोन्हीकडून चुकतो. "मंग ते आईचं प्रकरण कुठं लावता?" हा वकिलांचा शेवटचा प्रश्न. के. जवळजवळ आंधळ्या झालेल्या आईला भेटायला निघतो आणि लिखाण तुटते. त्याला क्रमांक देऊ नये, समारोपाचे एक वाक्यही जोडू नये. वेगळ्या बांधणीत, तुटले तिथेच थांबवून छापावे; अटकेनंतर वाचायचे की अखेरीआधी, ते वाचणाऱ्याने ठरवावे.