गुडघ्याचं वंगण

घाटनांदूर स्टेशनवर परळीची गाडी थांबली की वयस्कर बाया दांडी धरून उतरतात. आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वंगण संपलंय बघ गुडघ्यातलं."

माझ्या चुलतीनं गुडघ्यात सुई घेतली आणि वंगण मुरू दे म्हणून आठ दिवस खाटेवरून उतरलीच नाही. गाडीच्या आसाला वंगण घालताना जन्म गेला, तिला दुसरं काय सुचणार? पण या शब्दानंच घोटाळा होतो. चाकाला वंगण बाहेरून द्यावं लागतं. गुडघा ते स्वतः तयार करतो, आणि तेच त्याच्या गादीचं अन्नही असतं. या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती स्पंजासारखी दबते, उचललं की सांध्यातलं पाणी शोषते. चालणं हेच तिचं जेवण. चुलतीनं आठ दिवस गादीला उपाशी ठेवलं!

मग सुईतून जातं काय? बहुतेकदा स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध. ठणका काही आठवडे कमी होतो. रात्र रात्र तळमळणाऱ्याला विचारा, हे काही थोडं नाही. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगावं, कारण काही दिवस साखर चढते. शिवाय ही सुई सारखी घ्यायची नसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४० जणांना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं सुया दिल्या. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली, आणि दुखणं दोघांचं सारखंच राहिलं.

वंगणाशी खरं नातं हायलुरोनिक ॲसिडच्या महागड्या सुईचं, कारण तो पदार्थ सांध्याच्या पाण्यात असतोच. पण मोठ्या चाचण्यांत तिचाही गुण मिठाच्या पाण्यापेक्षा जेमतेमच जास्त दिसला.

म्हणून मला सुईपेक्षा सुईनंतरचे दिवस मोलाचे वाटतात. ठणका नसतो तेव्हाच मांडी बळकट करून घेता येते, आणि गुडघ्याचा भार मांडीच पेलते. २०२० साली १५६ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरानंतर स्टेरॉइडच्या सुईपेक्षा फिजिओथेरपी घेणारे बरे निघाले.

चुलती आता सकाळी पाय लांब करून बसते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. ती दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. मग दुसरा पाय.