कैद्याच्या छातीतला डाग

न्यायाधीश कैद्याला वर्षे मोजून देतात. त्या वर्षांत त्याच्या छातीत काय वाढते, ते निकालपत्रात नसते. आमचा गोंदिया जिल्हा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा. मेच्या उन्हात पत्ता तोडायचा, घराघरांत बायकांनी बिड्या वळायच्या. इथला माणूस तुरुंगात जातो तेव्हा बिडीची सवय सोबत नेतो, आणि आत बिडी नाण्यासारखी चालते असे सुटून आलेले सांगतात. म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगाची तपासणी कैद्यांना द्यावी का, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

हक्काची बाजू सरळ आहे. तुरुंगात गेल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सुनील बत्रा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम म्हणतात, बाहेर मिळते त्याच दर्जाचे उपचार आत मिळावेत. पण बाहेर तरी काय मिळते? सरकारची तपासणी मोहीम मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आहे. फुप्फुस तिच्यात नाही. मग बिडी वळणाऱ्या बाईला जे नाही ते कैद्याला का, असे कोणी विचारील. विचारू द्या. ती बाई, पैसे जमले तर, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाते. कैद्याला खोकल्यातून रक्त पडले तरी आधी जेलच्या डॉक्टरला पटवावे लागते, मग पोलीस गार्डची वाट पाहावी लागते. ज्याने कुलूप लावले, त्याची जबाबदारी जास्त. शिवाय २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातले दर चारांपैकी सुमारे तीन कैदी कच्चे होते, गुन्हा शाबीत न झालेले. यात एहसान कसला?

माझे मन अडते ते रजामंदीपाशी. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२०११) कमी किरणोत्साराच्या सीटी स्कॅनमुळे जास्त धूम्रपान करणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण त्याच अभ्यासात संशयास्पद ठरलेल्या दर शंभर तपासण्यांपैकी सुमारे ९६ मध्ये कर्करोग निघालाच नाही. आपल्याकडे तर जुन्या क्षयाचे व्रणही संशयास्पद डागांसारखे दिसू शकतात. मग पुन्हा स्कॅन, सुई, नागपूरच्या खेपा, आणि रात्री बराकीत एकट्याने भ्यायचे. हे सारे समजावून सांगितल्यावर कैदी ‘हो’ म्हणाला तरी ते डॉक्टरला म्हणाला की जेलरला? फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात कैद्यांच्या कातडीवर औषधांचे प्रयोग झाले. कैद्यांनी चार डॉलरसाठी कागदावर सह्या केल्या होत्या.

तरीही तपासणी द्यावीच, असे मला वाटते. मात्र विचारणारा माणूस तुरुंग खात्याचा नसावा, आणि नकाराची नोंद कैद्याच्या फाइलीत जाऊ नये. आधी थुंकीची तपासणी आणि बिडी सोडायला मदत, मग सीटी. उपचाराची सोय ठरल्याशिवाय डाग शोधायला जाऊ नये, कारण नुसता डाग दाखवून परत बराकीत पाठवणे ही वेगळीच सजा झाली. आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलेला कच्चा कैदी दरम्यान जामिनावर सुटून देवरीला किंवा सालेकशाला गेला, तर त्याचा अहवाल त्याच्या हातात हवा, जेलच्या कपाटात नव्हे.