तिसरी तार

आईला चुलीच्या धुरानं खोकला लागायचा. गॅसची टाकी संपली की दुसरी तालुक्याहून येईस्तोवर पंधरा दिवस जायचे. म्हणून मी विजेची शेगडी आणली, दोन हजार वॅटची. दुकानदार म्हणाला, "लाइटच्या बोर्डावर लावू नका, जळंल. पंधरा अँपिअरचा पॉइंट काढून घ्या." गावात वायरमन एकच, त्याच्या दारी चार खेपा घालायच्या. शेतावरची मोटर मीच खोलायचो, जोडायचो. म्हटलं, आपलंच घर, आपणच करू.

काम मन लावून केलं. मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली, मीटरपासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार निराळी ओढली. 230 व्होल्टवर ही शेगडी पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढणार, हाही हिशेब मांडला. राहिलं ते एकच. सॉकेटला तीन भोकं असतात. वरचं मोठं अर्थिंगचं. आमच्या घराला अर्थिंगच नव्हतं. मी ते भोक तसंच कोरडं सोडलं. शेगडी लाल झाली, चहा उकळला आणि मी पारावर जाऊन सांगत सुटलो.

दोन-तीन महिन्यांनी ध्यानात आलं, आई ओट्यापाशी पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. जेवायला बसायचा लाकडी पाट, पायाखाली! विचारलं तर म्हणाली, "फरशी गार लागती रे." दिवस वैशाखाचे होते.

शेवटी बायको बोलली. "अहो, शेगडीच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. पाटावर उभं राहिलं की येत नाहीत. आईच म्हणल्या, त्याला सांगू नको, एवढ्या हौसेनं केलंय पोरानं."

टेस्टर पत्र्याला लावला. त्यातला दिवा लागला. मी आधी बटण बंद केलं, मग पिन उपटली आणि तिथंच खाली बसलो.

वायरमननं केलं असतं तर आईनं दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावून खडसावलं असतं. पैसे मोजलेल्या कामाला नावं ठेवता येतात, लेकाच्या हौसेला कशी ठेवणार? आणि मी म्हणत होतो, आपलं घर, आपली जोखीम. माझी कुठली जोखीम? मी रात्री आयत्या ताटावर बसणार. ओल्या हातानं पातेलं उतरवणारी ती. जोखीम मी घेतली आणि भोगायला तिला दिली, तीही न विचारता.

1956 सालच्या विद्युत नियमांत लिहिलं होतं की दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर घरातलं वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घ्यावं. मला ती सरकारी कटकट वाटायची. खेड्यात परवानेवाल्याची वाट बघत बसलं तर कौलसुद्धा बदलून होणार नाही, असं मी म्हणायचो. त्यात खोटं काही नाही. पण कौल चुकलं तर पाणी गळतं, ते सगळ्यांना दिसतं. अर्थिंग नसलं तरी शेगडी तापते, भाकरी होते. फेज आणि न्यूट्रल जोडल्याशिवाय माझं कौतुक झालं नसतं, म्हणून ते जोडले. तिसऱ्या तारेवाचून माझं काहीच अडत नव्हतं. जे अडतं तेवढंच नीट करायचं, ही माझी खोड मला त्या दिवशी कळली.

मग चार खेपा घातल्या. वायरमन आला. त्यानं मोरीमागं जागा दाखवली, खड्डा मी खणला. पाइप, कोळसा, मीठ घालून त्यानं तिसरी तार जोडली, सगळं तपासलं. "उन्हाळ्यात पाणी घालत जा," म्हणाला.

आईला म्हटलं, "आता पाट काढ."

"राहू दे चार दिवस," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं, पण मी पाटाला हात लावला नाही. तिचा विश्वास बसेल तेव्हा तीच काढणार होती.